शल्यवैद्य द्वारकानाथ कोटणीस

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे आमचे गाव तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील शाळेत मी पुष्कळ वर्षे शिकविले. नव्या वर्गावर गेलो म्हणजे मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न मी प्रत्येकास विचारीत असे. दरवर्षी आठदहा मुले डॉक्टर होण्याची इच्छा सांगत आणि त्यांतील दोघेतिघे तरी आपण साधे डॉक्टर नव्हे, ऑपरेशन करणारे डॉक्टर होणार, असे ठासून सांगत. त्यासाठी काय लागते, असे पुढे विचारले की पुष्कळ गुण आणि पुष्कळ पैसे लागतात, असे ती म्हणत. हे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा, साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षभर रुग्णालयातील उमेदवारी आणि त्यानंतर शल्यशास्त्राची तीन वर्षे, एवढा पल्ला गाठल्यावाचून आज कोणी शल्यचिकित्सक म्हणून उभा राहू शकत नाही. २०२४ साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे आमच्याकडील मुलांना तो पल्ला थोडा जवळ आला आहे. परंतु गुण आणि पैसे यांच्या पलीकडे या व्यवसायास आणखीही काही लागते. ते काय, हे मला मोजक्या शब्दांत कधीच सांगता आले नाही. म्हणून मी मुलांना सोलापूरच्या एका तरुणाची हकीकत सांगत असे. तीच येथे सांगतो.

सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. पहाटे भोंगा झाला की शहर जागे व्हावे आणि रात्री भोंगा झाला की निजावे, असा तेथील जुना क्रम होता. या शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. वडील गिरणीत नोकरीस होते. घर मध्यम स्थितीतले आणि भावंडे आठ. अशा घरात मुलाला डॉक्टर करणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. एकाच्या शिक्षणासाठी घरातील सर्वांनाच थोडीथोडी ओढ सोसावी लागे. सोलापूरचे वातावरणही तेव्हा तापलेले होते. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत सोलापुरास लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी देण्यात आले. ज्या शहरातील माणसांनी हे पाहिले, त्या शहरातील तरुणांच्या मनात देश हा शब्द किती खोल रुजला असेल, याची कल्पना करता येते.

वैद्यकीय शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईस गेले. परळ येथे १९२६ साली सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले होते. त्याला जोडूनच के. ई. एम. रुग्णालय उभे होते. या महाविद्यालयाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मोठ्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. येथे मात्र देणगीदारांनी अशी अट घातली होती, की शिकविणारे प्राध्यापक हिंदी असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. आपल्या लोकांना हे शास्त्र शिकविता येते, हे त्यांना दाखवून द्यावयाचे होते. द्वारकानाथ अशा संस्थेत वाढले. वैद्यकाचा विद्यार्थी आरंभी पुस्तके पाठ करतो हे खरे, परंतु थोड्याच दिवसांत त्याला शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभे राहावे लागते. एकेक स्नायू, एकेक शीर, एकेक मज्जातंतू कोठून निघतो आणि कोठे जातो, हे हाताने उलगडून पाहावे लागते. ज्याला हे नकाशासारखे डोळे मिटूनही दिसते, त्यालाच पुढे जिवंत शरीरावर शस्त्र चालविण्याचा अधिकार येतो.

१९३६ च्या सुमारास द्वारकानाथ पदवीधर झाले. शल्यशास्त्रात त्यांना पुढे शिकावयाचे होते. त्या उच्च परीक्षेची तयारी चालू होती. आणखी थोडी वर्षे गेली असती, तर मुंबईत किंवा सोलापुरात कोटणीसांच्या नावाची पाटी लागली असती, घराची ओढाताण संपली असती आणि त्यांचे चरित्र या पुस्तकात बहुधा आले नसते.

पण दूर चीन देशात तेव्हा भयंकर युद्ध पेटले होते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली होती. शहरांमागून शहरे पडत होती. जखमींची गणती नव्हती आणि त्यांना पाहण्यास डॉक्टर अगदी थोडे होते. चीनच्या आठव्या सैन्याचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. हिंदुस्थान त्या वेळी स्वतःच परतंत्र होता. जो स्वतः बेडीत आहे त्याने दुसऱ्याच्या मदतीस कसे जावे, असे कोणी म्हटले असते तर त्यात नवल नव्हते. राष्ट्रसभेचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना मात्र तसे वाटले नाही. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलै १९३८ मध्ये चीनसाठी निधी गोळा करण्याचे दिवस पाळले गेले आणि लोकांनी २२,००० रुपये जमा करून दिले. रुग्णांना वाहून नेण्याची एक गाडी, औषधे व हत्यारे घेऊन पाच डॉक्टरांचे पथक पाठवावयाचे ठरले.

द्वारकानाथांनी त्या पथकासाठी आपले नाव दिले. घरी ही बातमी कळली तेव्हा कोणाला काय वाटावे, हेच कळेना. चीन म्हणजे काय, हे त्या घराला पुरते ठाऊक नव्हते. खांद्यावर गाठोडे टाकून रेशमी कापड विकीत फिरणारे चिनी फेरीवाले, एवढीच त्यांची चीनची ओळख. आपला मुलगा शिकून आता कोठे हाताशी आला आणि तो त्या परक्या मुलखात, तोफांच्या तोंडी जाणार, या विचाराने आईचा जीव कासावीस झाला. तरी घरच्यांनी त्याला अडविले नाही.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून ते नुकतेच आले होते. दुसरे डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. ते वयाने बरेच वडील होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणिसांना तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या आगबोटीने या पाच जणांनी मुंबईचा किनारा सोडला.

चीनमध्ये उतरताच युद्ध म्हणजे काय ते त्यांच्या डोळ्यांपुढे आले. यांगत्से नदीवरील हँको शहरी ते कामास लागले, तोच जपानी सैन्य त्या शहराजवळ येऊन ठेपले. नदीच्या वरच्या अंगाने इचांग आणि तेथून चुंगकिंग असा मागे मागे सरकत पथकाचा प्रवास झाला. चुंगकिंग येथे असताना कोटणिसांना सोलापूरची बातमी मिळाली. वडील वारले होते.

मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. घरातील मिळविता माणूस गेला होता. मागे आई आणि भावंडे होती. स्वतः डॉक्टर झालेला मुलगा हजारो कोस दूर होता. परत जाण्यास त्याला कोणी दोष दिला नसता. उलट सोबत्यांनी त्याला परत जाण्याचा सल्ला दिला. कोटणीस गेले नाहीत. ज्या कामासाठी आलो त्याला अजून नीट हातही लावलेला नाही, तेव्हा आताच परतणे बरे नव्हे, असे त्यांनी ठरविले. त्यांचा हा निर्णय योग्य होता की नव्हता, यावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होई आणि मी तो मिटविण्याच्या भरीस कधी पडत नसे. घराची हाक आणि कामाची हाक एकाच वेळी येते तेव्हा कोणती ऐकावी, हे दुसऱ्याने सांगण्याजोगे नसते. एवढे मात्र खरे, की ज्या रात्री आपल्या घरी दुःख असते, त्याच रात्री दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहण्याचा प्रसंग डॉक्टरच्या आयुष्यात आल्यावाचून राहत नाही. कोटणिसांवर तो फार लवकर आणि फार कठोरपणे आला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडील येनान येथे पोहोचले. येनानच्या भोवती पिवळ्या मातीच्या टेकड्या आहेत. त्या टेकड्यांच्या पोटात गुहा कोरून लोक राहत. शाळा गुहेत, कचेरी गुहेत आणि रुग्णालयही गुहांतच. विमानांनी बाँब टाकले तरी आतील माणसे बचावत, हा त्यांचा मोठा उपयोग. परळच्या रुग्णालयातील झगझगीत दिवे, नळाचे पाणी आणि ओळीने मांडलेली हत्यारे पाहिलेल्या तरुणाने आता मातीच्या छताखाली शस्त्रक्रिया करावयाची होती. चीनविषयीचे प्रेम दाखविण्यासाठी पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी हुआ हे अक्षर जोडून घेतले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ. चीनमधील लोक आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

हवा मानवेना, प्रकृती साथ देईना, म्हणून काही महिन्यांतच डॉ. मुखर्जी व डॉ. चोळकर यांना मायदेशी परतावे लागले. वर्षअखेरीस उरलेले तिघे आघाडीकडे निघाले. पुढे डॉ. अटल यांनाही आजारामुळे परतावे लागले. डॉ. बसू येनानच्या रुग्णालयात गेले आणि कोटणीस पहाडी सरहद्दीच्या मुलखात राहिले. जपानी सैन्याने हा मुलूख चोहोंकडून कोंडला होता. औषधे येण्याचे मार्ग बंद, रस्ते म्हणजे डोंगरातील पाऊलवाटा आणि वाहने म्हणजे खेचरे.

याच मुलखात त्यांच्या आधी एक थोर शल्यवैद्य काम करून गेला होता. त्याचे नाव नॉर्मन बेथ्यून. कॅनडा देशातील हा नामांकित डॉक्टर, पण सर्व सोडून चीनमध्ये आला होता. जखमी माणूस आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहू नये, आपणच त्याच्याकडे जावे, हा त्याचा नियम. त्यात शास्त्र होते. गोळी लागल्यानंतर जसजसे तास जातात, तसतसे जखमेतील जंतू वाढतात, रक्त वाहून जाते आणि जो पाय सकाळी वाचला असता तो संध्याकाळी कापावा लागतो. म्हणून बेथ्यूनने खेचराच्या पाठीवर बसेल असा एक पेटारा तयार करविला होता. त्यात शंभर शस्त्रक्रियांना पुरेल इतके साहित्य मावत असे. खेचर थांबेल तेथे, देवळात किंवा शेतकऱ्याच्या घरात, शस्त्रक्रियेची खोली उभी राही. रबरी हातमोजे मात्र नव्हते. एकदा शस्त्रक्रिया करताना बेथ्यूनच्या बोटास कापले, जंतू रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तो मरण पावला. कोटणिसांची व त्याची भेट कधीच झाली नाही. पण त्याने ज्यांना शिकविले ती माणसे, त्याच्या पद्धती आणि त्याची रिकामी झालेली जागा, एवढे सारे कोटणिसांच्या वाट्यास आले.

आता शल्य या शब्दाकडे वळू. संस्कृतात शल्य म्हणजे शरीरात रुतून बसलेली वस्तू : काटा, बाणाचे टोक, हाडाची कपच. ती काढणारा तो शल्यवैद्य. आपल्याकडे सुश्रुताने हजारो वर्षांपूर्वी या शास्त्राचे बारकाईने वर्णन केले आहे. मुंबईत शिकताना कोटणिसांनी शल्य हा शब्द नुसता ऐकला असेल. चीनच्या डोंगरांत त्यांना तो अक्षरशः भेटला. बंदुकीची गोळी, तोफेच्या गोळ्याची कपची, फुटलेल्या हाडाचे तुकडे, जखमेत शिरलेली कापडाची चिंधी, हे सारे शोधून काढावयाचे. चिंधी आत राहिली तर जखम आतून कुजते, म्हणून गोळीपेक्षाही तिचा शोध काळजीने घ्यावा लागतो. आज जंतूंना मारणारी जी औषधे तालुक्याच्या गावातही मिळतात, ती तेथे नव्हती. जखम स्वच्छ करणारा हात हेच औषध. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरीत. शस्त्रक्रिया झाल्यावरही डॉक्टरचे काम संपत नसे. ज्याचा पाय कापला त्याच्या उशाशी बसावे लागे, पट्टी बदलावी लागे आणि शत्रू जवळ आला की सर्व जखमींसह रातोरात गाव सोडावे लागे.

१९४० च्या शरद ऋतूत चिनी सैन्याने जपान्यांवर मोठा हल्ला चढविला. जखमींची रांग लागली. त्या एका लढाईत आठशेहून अधिक जखमी कोटणिसांच्या हाताखालून गेले आणि त्यांतील कित्येक शेकड्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एकदा तर सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, त्यांनी डोळ्यास डोळा लावला नाही. या ७२ तासांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी कौतुकाने केला जातो. मला त्यात कौतुकाबरोबर दुसरेही काही दिसते. झोप न झालेला हात थरथरतो आणि थरथरणाऱ्या हातातील शस्त्र धोक्याचे असते, हे कोटणिसांहून अधिक कोणास कळणार? आजच्या रुग्णालयात असे काम कोणी करू लागला तर त्याला बाहेर काढून झोपावयास लावणे हेच योग्य होईल. पण तेथे त्यांच्या जागी उभा राहणारा दुसरा हात नव्हता.

हीच उणीव कोटणिसांच्या मनास लागून राहिली असावी, कारण पुढील दोन वर्षांत त्यांनी शस्त्राइतकाच खडूही हाती धरला. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यूनच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालयास जोडून वैद्यकाची शाळा होती. तेथे शिकावयास येणारी मुले-मुली बहुतेक शेतकऱ्यांची. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून कोटणीस चिनी शिकले. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. शब्दाशब्दाला निराळे चिन्ह, अशी हजारो चिन्हे पाठ करावी लागतात. त्यातून उच्चार असे की सूर थोडा वरखाली झाला तर अर्थच बदलतो. दिवसभर रुग्ण तपासून, शस्त्रक्रिया करून उरलेल्या वेळात त्यांनी ही भाषा इतकी आत्मसात केली, की चिनीतून ते शल्यशास्त्राची व्याख्याने देऊ लागले. भाषा शिकण्याचा कंटाळा करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग जरा सावकाश सांगत असे!

शिकवावयास पुस्तक हवे होते. ते नव्हते, तेव्हा ते लिहिण्याचेही त्यांनीच मनावर घेतले. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी एक ग्रंथ तयार केला आणि शरीराच्या एकेका भागाच्या शस्त्रक्रियेवर दुसरा लिहावयास घेतला. ज्या उच्च परीक्षेची तयारी अर्धी टाकून ते बोटीत बसले होते, ती परीक्षा द्यावयास ते कधीच परतले नाहीत. तो विषय शिकविणारे पुस्तक मात्र त्यांनी परक्या भाषेत, तेलाच्या दिव्याच्या उजेडात लिहिले.

त्या वैद्यकशाळेत क्वो छिंगलान नावाची तरुणी परिचर्या शिकवीत असे. तिला इंग्रजी येत होते. बेथ्यूनच्या समाधीच्या समारंभात तिची व कोटणिसांची ओळख झाली होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचविल्यावरून मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन.

परंतु कोटणिसांची प्रकृती आतून पोखरली गेली होती. अपुरे अन्न, थंडी, सततची पायपीट आणि जागरणे यांनी शरीर खंगले होते. त्यातच त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. यालाच आपण फिट येणे म्हणतो. शस्त्र हाती धरणाऱ्या माणसास अशा व्याधीचा अर्थ काय, हे निराळे सांगावयास नको. उपचारासाठी दूर सुरक्षित जागी जावे, असे वरिष्ठांनी त्यांना परोपरीने सांगितले. येथेही त्यांनी नकारच दिला. मला हा नकार पटत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. रुग्णाला विश्रांतीची आज्ञा करणाऱ्याने स्वतःसही तीच आज्ञा करावी. शल्यवैद्याचे शरीर हे त्याचे पहिले हत्यार असते आणि हत्याराला धार लावावयास वेळ द्यावाच लागतो. कोटणीस थोडे दिवस बाजूस झाले असते, तर पुढे आणखी तीस वर्षे त्यांचा हात चालला असता, असे मनात आल्यावाचून राहत नाही. पण मी हे मंगरूळपीरच्या शांत घरात बसून लिहीत आहे. दाराशी जखमींच्या डोल्या येऊन थांबल्या असता आत निजून राहणे मला तरी जमले असते का, हे सांगता येत नाही.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते आपल्या दुसऱ्या ग्रंथाचे लेखन करीत होते. तेव्हाच अपस्माराचा जोराचा झटका आला. एकामागून एक झटके येत राहिले. ज्यांना त्यांनी शिकविले ते सहकारी भोवती होते, परंतु त्यांच्या हाती उपाय नव्हता. ९ डिसेंबरच्या पहाटे कोटणिसांचे देहावसान झाले. त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तक अपुरे राहिले.

चिनी लोकांनी मोठ्या शोकाने त्यांचा निरोप घेतला. माओ यांनी स्वतः शोकलेख लिहिला. सोलापूरच्या आईला मात्र मुलाचे दर्शन पुन्हा घडले नाही. सून होती आणि नातूही होता, पण मध्ये युद्ध होते, डोंगर होते आणि समुद्र होता. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला आणि सोलापूरच्या मुलाचे नाव हिंदुस्थानातील घराघरांत पोहोचले. श्रीमती छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या. त्यांचे निधन २०१२ साली झाले. मुलगा यिनहुआ बापाच्या वाटेने वैद्यक शिकू लागला होता, परंतु शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ साली तोही मरण पावला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

सोलापुरातील कोटणिसांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. चीनमधून येणारे पाहुणे तेथे जातात. कोटणिसांचे दफन आधी त्या पहाडी मुलखातील एका खेड्यात झाले होते. नंतर त्यांच्या अस्थी हपै प्रांतातील शिच्याचुआंग शहरी, हुतात्म्यांच्या उद्यानात नेण्यात आल्या. त्याच उद्यानात नॉर्मन बेथ्यूनचीही समाधी आहे. वसंत ऋतूत आपल्या पितरांची समाधी झाडून स्वच्छ करण्याचा एक सण चिनी लोक पाळतात. त्या दिवशी दोन्ही समाध्या फुलांनी झाकून जातात.